कस्टर्डमधला पाय आणि सिरिलचे हसणे

मी, विनिफ्रेड मॉड टॅपलिन, माहेरची गिल्बी, वय वर्षे एकोणऐंशी, राहणार साउथएंड, माझी शेवटची इच्छा या कागदावर स्वतःच्या हाताने लिहिते. गुडघे गेले, डावा कान गेला, पण डोके जागच्या जागी आहे. मला कोणी फूस लावलेली नाही, धाक घातलेला नाही, आणि सकाळपासून चहाशिवाय काही घेतलेले नाही. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते वाचायची तसदीही घेऊ नये, त्यात ज्या मांजराची सोय लावली होती ते केव्हाच गेले.

वकील पेटिफरसाहेब म्हणाले, "मिसेस टॅपलिन, तुम्ही नुसतं बोला, मी टाइप करून आणतो." मी म्हटले, नको. चौदा वर्षे पूर्ण झाली आणि शाळा सुटली माझी, पण अक्षर वाईट नाही. शिवाय तुम्ही टाइप केले की माझे बोलणे तुमच्यासारखे दिसायला लागेल. त्यांनी मान डोलावली. थकलेले आहेत तेही.

कलम पहिले. दोन खोल्यांचे हे बैठे घर माझी मुलगी ग्लेनिस हिला. मागच्या दाराची कडी वर उचलून मग ओढायची, हे तिला चाळीस वर्षे सांगते आहे. पोस्टातली शिल्लक माझ्या मातीला लागेल तेवढी वापरावी, उरेल ती नात टॅम्सिनला. फुले आणू नयेत. मला फुलांनी शिंका येतात, आणि त्या दिवशी मला शिंकता येणार नाही.

कलम दुसरे. माझी हत्यारे. लोकांना वाटते हत्यारे म्हणजे करवत आणि हातोडा. माझी हत्यारे अशी: खडी भरलेला एक पत्र्याचा ट्रे, कडी-कोयंडा-कुलूप असलेले हातभर उंचीचे एक दार, टाचांच्या बुटांचे तीन जोड आणि एक फुटकी छत्री. अकरा वर्षे रेडिओवरच्या विनोदी कार्यक्रमांत मी पावले वाजवली, दारे आपटली. बायका चालल्या की त्या मीच असायचे. डचेस चालली तरी मी, मोलकरीण चालली तरी मी, फक्त बूट बदलायचे. हे सगळे टॅम्सिनला. ती नाटकाचे शिकते. ट्रेमधली खडी धुऊ नये, धुतली की आवाज जातो.

कलम तिसरे, यात मन मोकळे करायचे आहे. आयव्ही स्प्रॉट, आमच्या नाट्यगृहात चहा करायची, अजून हयात आहे, तिला माझा निळ्या काठाचा चहाचा सेट द्यावा आणि पुढचे सगळे वाचून दाखवावे.

सत्तावन्न सालची गोष्ट. कार्यक्रमाचे नाव 'कर्नल ट्विगचे बिऱ्हाड'. दर रविवारी संध्याकाळी नाट्यगृहात खरीखुरी माणसे बसवून ध्वनिमुद्रण व्हायचे आणि गुरुवारी ते रेडिओवर लागायचे. कर्नलचे काम बर्ट्रम फेनिक करायचे. रंगमंचावर राजा, बाहेर अगदी घाबरट माणूस, दर वेळी आत जाण्यापूर्वी माझा हात धरायचे. "विनी, आज कोणी हसलं नाही तर?" मी म्हणायचे, "तर मी हसेन. मला पगार त्याचाच आहे."

त्या रविवारच्या भागात कर्नलला त्याचेच भाडेकरू घराबाहेर कोंडतात, आणि तो बर्फातून अंगण ओलांडतो. बर्फातली पावले कशी वाजवतात? कस्टर्डची पूड कापडी पिशवीत भरायची आणि मुठीने दाबायची. करर्, करर्. खऱ्या बर्फापेक्षा बरे वाजते. माझ्या कपाटात त्या पुडीचा मोठा डबा असायचा, त्यावर मी 'बर्फ' असे लिहून ठेवले होते.

तालमीनंतर सगळ्यांना चहा आणि गोड मिळायचे, तसा रिवाज होता. आयव्ही तेव्हा नवी. तिने विचारले, "विनी, कस्टर्ड संपलंय गं, तुझ्याकडे आहे का?" मी मोज्याची टाच शिवत होते. मान वर न करता कपाटाची किल्ली दिली. तिने सफरचंदाच्या पुडिंगवर माझे सगळे बर्फ शिजवून घातले. मीही दोनदा घेतले. चांगले झाले होते.

ध्वनिमुद्रणाचा लाल दिवा लागला, चारशे माणसे बसलेली, आणि मी पिशवी उघडते तर रिकामी. डबा बघितला, तोही रिकामा. फेनिकसाहेब माइकपुढे छाती फुगवून म्हणत होते, "वा! काय कोरडी, ठणठणीत थंडी!" यानंतर पावले हवीत. माझ्या टेबलावर काय होते? उरलेल्या कस्टर्डचे भांडे. मी भांडे खाली ठेवले आणि बुटासकट पाय आत घातला.

पचाक. पचाक. पचाक.

फेनिकसाहेबांनी वळून माझ्या पायाकडे बघितले. कागदावर नव्हते ते बोलले. अगदी सावकाश, कर्नलच्या बायकोला हाक मारल्यासारखे: "जॉर्जिना... आपण स्वयंपाकघर बाहेर कधी हलवलं?"

लोक हसले. थांबतील असे वाटले की मी पाय काढायचे, आणि पाय निघताना त्याचा असा काही आवाज व्हायचा की पुन्हा सगळे हसायचे. निर्माते होलरॉइडसाहेब घड्याळ हातात धरून प्रत्येक हशा मोजायचे, कार्यक्रम अर्ध्या तासाच्या वर एक सेकंद जाता कामा नये. हा हशा एकोणचाळीस सेकंदांचा. त्यापायी शेवटचे गाणे कापावे लागले आणि गाणारी बाई माझ्याशी वर्षभर बोलली नाही.

आत आल्यावर मी काय केले? आयव्हीवर तुटून पडले. "डोळे फुटले होते का तुझे? डब्यावर बर्फ लिहिलेलं दिसलं नाही?" ती रडली. म्हणाली, "मला वाटलं, थंड जागी ठेवा असं लिहिलंय." सगळे हसले, मीही हसले. किल्ली मी दिली होती हे मी कोणाला सांगितले नाही. आयव्ही, ते आज सांगते. माझे चुकले.

होलरॉइडसाहेबांनी मात्र नंतर वर्तमानपत्रात सांगितले की कस्टर्डची कल्पना त्यांची. त्यांना मी काही ठेवत नाही. एक पायमोजा ठेवणार होते, पण तो धुवून वापरला.

कलम चौथे. आता टेप. याच्यासाठीच सगळे कागद काढले, आणि इथेच हात दुखायला लागला.

माझा नवरा सिरिल टॅपलिन बसवर कंडक्टर होता. त्या गुरुवारी त्याने डेपोच्या क्लबातून टेपचे यंत्र मागून आणले. माइक पावाच्या डब्यावर ठेवला, रेडिओसमोर. मला म्हणाला, "विनी, अर्धा तास तोंडातून ब्र काढायचा नाही. ग्लेनीला मांडीवर घे." ग्लेनिस तेव्हा आठ महिन्यांची. ती गप्प बसली. मी गप्प बसले. गप्प बसला नाही तो हाच. पचाक म्हणताच जो हसत सुटला तो हसतच राहिला, आणि मग मोठ्याने ओरडला, "ऐकलंस का ग्लेनी? तो आईचा पाय! कस्टर्डमध्ये आईचा पाय!" आणि त्यावर माझा आवाज: "गप रे! सगळ्याचं वाटोळं केलंस, मूर्खा!"

दोन वर्षांनी, फेब्रुवारीत, छातीच्या दुखण्याने सिरिल गेला. ग्लेनिस तीन वर्षांचीही नव्हती. तिला त्याचा चेहरा फोटोतून माहीत आहे. आवाज माहीत नाही. त्याचा आवाज जगात दुसरीकडे कुठे नाही. मी टेप बिस्किटांच्या डब्यात ठेवली आणि चव्वेचाळीस वर्षांत एकदाही लावली नाही. यंत्र नव्हते हे कारण मी सांगत आले. खरे कारण वेगळे. तो पोरीशी बोलत होता, आणि मी त्याला मूर्खा म्हणून गप्प केले. ते पोरीने ऐकू नये, म्हणून तिला टेप आहे हेच सांगितले नाही.

जानेवारीत जुने कार्यक्रम शोधणारे मिस्टर ऑर्डवे आले. त्या भागाची प्रत रेडिओवाल्यांकडेही उरलेली नाही, आणि आयव्हीने त्यांना सांगितले होते की विनीकडे काहीतरी आहे. भला माणूस. स्वतःचे यंत्र घेऊन आला. सुरुवात जरा ऐकू म्हणाला. पचाक झाले, आणि सिरिल हसला. माझ्या खोलीत, चव्वेचाळीस वर्षांनी. ऑर्डवेंनी लगेच यंत्र थांबवले. "ऐकलंत ना? हा घरातला गोंधळ. आता यंत्राने तो पुसता येतो, मिसेस टॅपलिन. नुसता कार्यक्रम राहील, अगदी स्वच्छ."

"सगळंच पुसता येतं?"

"सगळं. तुम्ही कुठे बोलला असाल तर तेही."

काय सांगू, मला हायसे वाटले. ग्लेनिस आत भांडी धूत होती, ती हात पुसत दारात आली. "आई, हे कोण हसलं?"

मी म्हटले, "शेजारचं कोणीतरी असेल."

ती परत आत गेली. ऑर्डवेंनी माझ्याकडे बघितले आणि टेप काढून बिस्किटांच्या डब्यात परत ठेवली.

म्हणून या कलमात मी आधी असे लिहिले होते: टेप मिस्टर ऑर्डवे यांना द्यावी, त्यांनी घरातला सगळा आवाज पुसावा आणि कार्यक्रम लोकांना ऐकवावा. ते वाक्य मी काल सकाळी लिहिले, शाई वाळली, आणि मी चहा करायला उठले. चहा केला नाही. तशीच ओट्याला टेकून उभी राहिले. शेजारचे कोणीतरी! नवऱ्याला शेजारी करून टाकले मी.

मग मी ग्लेनिसला फोन केला.

"आई, बरी आहेस ना? या वेळेला कसा फोन?"

"त्या दिवशी टेपवर हसला ना, तो तुझा बाप."

मग ती म्हणाली, "पुढे काही आहे का त्यात?"

"आहे. तुझ्याशी बोललाय. तू आठ महिन्यांची होतीस, माझ्या मांडीवर."

"काय म्हणाला?"

मी सांगितले. शब्दन् शब्द, त्याने म्हटले तसे, ओरडून. ग्लेनी म्हटल्याचेही सांगितले. मग मी त्याला काय म्हणाले तेही सांगितले, एक अक्षर न गाळता. वाटले, आता ही फोन आपटते.

ती म्हणाली, "आई, तू मला रोज मूर्ख म्हणतेस. ते सोड. बाबांचं परत सांग."

परत सांगितले. तिने तीनदा वदवून घेतले. माझा घसा बसला. तासाभरात ती गाडी काढून आली, अंगात घरचाच झगा. बिस्किटांचा डबा मी तिच्या हातात दिला. तिने तो उघडलाही नाही. मांडीवर घेऊन बसली.

पेटिफरसाहेबांना आज सकाळी विचारले. ते म्हणाले, जी वस्तू आपण जिवंतपणीच देऊन टाकली ती मृत्युपत्रातून देता येत नाही. तेव्हा कलम चौथे रद्द. टेप ग्लेनिसची झाली आहे. लोकांना ऐकवायची की नाही हे ऑर्डवेंनी तिला विचारावे. एक अक्षरही पुसायचे नाही असे ती म्हणते आहे, पण ते तिचे तिने बघावे, त्यावर आता माझा हक्क नाही.

बाकी माझ्याजवळ द्यायला काही उरले नाही. फार थकले आहे, पण बरे वाटते आहे.

वर लिहिलेले सर्व मी वाचून पाहिले, चष्मा लावून. खाली सही करते, या दोन शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत, आणि तेही माझ्या डोळ्यांदेखत करतात. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, म्हणून दोघांना केक आधीच वाढला आहे.

सही: विनिफ्रेड मॉड टॅपलिन

साक्षीदार:
१. लायोनेल हॅगर, निवृत्त टपालवाले, डावीकडचे घर
२. ब्रॉनवेन स्टिच, शिवणकाम, उजवीकडचे घर

स्थळ: साउथएंड, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: १४ मार्च २००३