ठकीची वाचनप्रगती

२ जून, रविवार
संकल्प. ठकी साडेचार वर्षांची झाली, तरी तिच्या बौद्धिक विकासाकडे घरात कुणाचं लक्ष नाही. (बायकोचं आहे, पण नुसतंच लक्ष. पद्धत नाही.) आजपासून हे खातं माझ्याकडे. चित्रपुस्तकांनी मुलांची जिज्ञासा जागी होते, असं दवाखान्यातल्या एका मासिकात वाचलं. लेख अर्धा झाला तेवढ्यात पेशंट आला. हरकत नाही. मुद्दा कळला.
दुसरा संकल्प: ठकीचे दात तपासणे. बायको म्हणते, वर्ष उलटून गेलं. दातांच्या डॉक्टरची मुलगी ती, तिच्या दातांना काय धाड भरलीय! तरी तपासू. पुढच्या रविवारी.

५ जून
पुस्तकांच्या दुकानात गेलो. तिथल्या मुलीने एक पुस्तक पुढे केलं. एक गोगलगाय भिंतीपलीकडे काय आहे ते बघायला निघते. पानावर जेमतेम एक ओळ. मी विचारलं, यातून मूल शिकतं काय? ती म्हणाली, वाचलं की मुलं प्रश्न विचारत सुटतात. म्हटलं, प्रश्न घरी भरपूर आहेत, मला उत्तरं असलेलं दाखवा. त्यावर म्हणाली, मुलीलाच घेऊन या, तिला निवडू द्या. हसू आलं. पेशंट काय स्वतःचं औषध स्वतः निवडतो?
शेवटी मीच निवडलं. जाड पुठ्ठा, गुळगुळीत कागद. गोड खाणाऱ्या मुलीला कंटाळून तिचे दात गाठोडी बांधून रातोरात घर सोडतात. शेवटच्या पानावर मुलगी बोळकं तोंड घेऊन आरशासमोर रडते आणि खाली ठळक अक्षरांत बोध. विज्ञान, संस्कार आणि माझा व्यवसाय, तिन्ही एकात.

६ जून
पहिलं वाचन. अडथळे फार. दातांना पाय कुठून आले? गाठोड्यात काय आहे? त्यांची आई कुठे राहते? दुसऱ्याच पानावर गाडी अडली. नियम केला, प्रश्न शेवटी. शेवटी झोप लागली. मला.

१० जून
पद्धत सुधारली. शेवटपर्यंत गप्प बसली तर एक टॉफी. पुस्तक सलग वाचून झालं! बायको म्हणाली, गोड खाऊ नका असं सांगणारं पुस्तक ऐकायला टॉफी? तिला 'प्रोत्साहन' ही संकल्पना समजावून सांगितली. चेहऱ्यावरून समजलेली दिसली नाही.
काल दात तपासायचे राहिले. मॅच होती.

१८ जून
परिणाम दिसू लागले. ठकीने आज टॉफी नको म्हणून सांगितलं. थंड दूधही नको. आणि वाचताना एकही प्रश्न नाही! मीच विचारलं, काय शिकलीस? म्हणाली, वाईट मुलीचे दात पळून जातात. (पुस्तकात 'हट्टी' आहे. पण आशय पोचला.)

२४ जून
ठकी हल्ली एकाच बाजूने, अगदी सावकाश चावते. सावकाश चावा, हे लोकांना सांगून माझा घसा बसला, ही न सांगता करते.
बालवाडीच्या बाई म्हणाल्या, डबा तसाच परत नेते, खेळत नाही, कोपऱ्यात बसून असते. म्हटलं, चिंतन. बाईंनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. कौतुकाने असावं. मग पालकसभेत 'चित्रपुस्तकं आणि जिज्ञासा' या विषयावर बोलायची तयारी दाखवली. त्या नको म्हणाल्या नाहीत.
बायकोचं पालुपद चालूच, एकदा तिचं तोंड बघ. म्हटलं, घरी तरी मला दातांतून सुट्टी दे. रविवारी बघतो.

२९ जून, शनिवार
भाषण झालं. 'माझी मुलगी आता प्रश्नच विचारत नाही!' हे वाक्य ठासून म्हटलं आणि टाळ्यांसाठी थांबलो. शांतता. पालक अंतर्मुख झाले असणार. ठकी पहिल्या रांगेत आईच्या मांडीवर, गालाला हात लावून. फोटोत अगदी विचारवंत दिसते.
उद्या रविवार. फार दगदग झाली. उद्या आराम.

२ जुलै, सकाळी
ठकीचा गाल सुजलाय. अंगात ताप.
आ कर म्हटलं. तिने ओठ घट्ट मिटले. बाबाला नाही दाखवणार, म्हणाली. आईला दाखवलं. मी मागून, बायकोच्या खांद्यावरून पाहिलं. खालची दाढ, काळी, आतपर्यंत पोखरलेली. किती दिवसांचं दुखणं आहे ते बघताक्षणी कळलं. दुसऱ्या कुणाचं मूल असतं तर आईबापांना फैलावर घेतलं असतं.
हिने विचारलं, अगं, दुखत होतं तर सांगितलं का नाहीस? ठकी हुंदके देत म्हणाली, सांगितलं असतं तर बाबाला कळलं असतं, मी वाईट मुलगी आहे. झोपताना ती तोंडावर हात दाबून धरायची. दात पळून जाऊ नयेत म्हणून. मला वाटायचं, जांभई झाकते. चांगली सवय.
बायकोने ठकीला उचललं, चपला घातल्या आणि चौकातल्या नव्या डेंटिस्टबाईंकडे निघाली. या बाईंना मी कधी पाहिलेलं नाही, नावं मात्र भरपूर ठेवली आहेत. मुकाट्याने मागोमाग गेलो.

२ जुलै, दुपारी
ठकी म्हणाली, बाबा बाहेर. बाहेर बसलो. थोड्या वेळाने दाराआडून तिचा आवाज आला. हा आरसा एवढासाच का? पाणी कुठे जातं? दुखतं ते दाताला की मला? बाई हातातलं काम थांबवून उत्तरं देत होत्या. एकदा म्हणाल्या, हे मला पण माहीत नाही गं, शोधू या आपण. ठकी हसली. हे हसू घरात कधीपासून ऐकलं नव्हतं, ते आठवेना.
मग मला आत बोलावलं. पू काढला होता, औषधं लिहून दिली होती, दाढ बहुतेक वाचेल. बाईंनी प्लॅस्टिकचा जबडा हातात घेतला आणि मला समजावू लागल्या. हे बघा बाबा, दुधाचे दात पडणारच, म्हणून दुर्लक्ष करायचं नसतं. मी म्हटलं, हो का. त्यांनी दाढ दाखवली. मी म्हटलं, अच्छा, ही होय. बायको खिडकीबाहेर बघत होती.
आईच्या खांद्यावरून ठकी सुजल्या तोंडाने, पण मोठ्या अभिमानाने म्हणाली, 'बाबाला माहितेय सगळं. तो पण दातांचा डॉक्टर आहे. खूप मोठा!'
दार उघडंच होतं. बाहेरच्या बाकावरच्या माना वळल्या. बाईंनी जबडा हळूच टेबलावर ठेवला. मी पाकीट काढलं. त्या म्हणाल्या, 'राहू द्या डॉक्टर, आपण एकाच व्यवसायातले.'
खूप विनवलं. नाही म्हणजे नाहीच घेतली फी.