टायर काही ठरेनात

विचुंबे,
ता. ९ मे

प्रिय आभा,

सव्वादोन वर्षांनी पत्र लिहितोय आणि तेही गाडीच्या टायरांबद्दल. वाचून तू काय म्हणशील, मला अंदाज नाही. फोन दोनदा हातात घेतला, तुझं नावही काढलं, पण पहिलं वाक्य जुळेना. कागदावर निदान खोडता येतं. शिवाय या बाबतीत विचारावं असं दुसरं माणूस मला नाही. गव्हाणला आपल्या मिठागराच्या बांधावर जुनी जीप रुतली होती, तेव्हा मी डोक्याला हात लावून बसलो आणि तू चाकाखाली गोणपाट सारून ती बाहेर काढलीस. बारावीत होतीस.

तर झालंय असं, की गेल्या महिन्यात मी नव्या गाडीच्या स्प्रिंगा बदलून ती दोन इंच उचलून घेतली. आता ती बगळ्यासारखी दिसते. वर धिप्पाड अंग आणि खाली बारीक पाय. म्हणून मोठी चाकं बघायला निघालो आणि तिथून डोक्याचा भुगा झालाय. जुन्या हायवेवरचा टायरवाला रामूशेठ म्हणतो, जीवनभाऊ, रिम आहे तीच ठेवा, टायर फक्त थोडा उंच घ्या, अर्धा डांबराचा, अर्धा मातीचा. तुझा आतेभाऊ निनाद म्हणतो, तेहतीस इंचीच पाहिजे, निव्वळ चिखलाचे, जाड दातांचे, आणि रिम काळ्या. खांदा कॉलनीतल्या दुसऱ्या दुकानदाराने सांगितलं, एवढे मोठे घातलेत तर स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर आत घासतील, स्पीड खरा असेल त्यापेक्षा कमी दाखवेल, ॲव्हरेज पडेल, आणि चाकं बाहेर आली तर पोलीस अडवतील. एक म्हणतो रिम मोठी घ्या, दुसरा म्हणतो दगडात जायचं तर रिम लहान आणि रबर जास्त हवं. मी वहीत सगळे आकडे लिहून आणले. रात्री वाचले की पटतात, सकाळी पटत नाहीत. रामूशेठने शेवटी वैतागून विचारलं, गाडी नेमकी जाणार कुठे ते तरी सांगा. मी म्हणालो, असंच, इकडेतिकडे. त्याने वही माझ्या हातात परत दिली.

तुझ्या आईचं मत विचारूच नकोस. गाडी उचलून आणली त्या दिवशी ती ओट्यावर तांदूळ निवडत होती. मान वर करून म्हणाली, “आता चढाया शिडी आणताव का तुमी?” तिचे गुडघे तुला माहीत आहेत. पण गुडघे हे निमित्त आहे. गाडी घरात आल्यापासून ती एकदाही तिच्यात बसलेली नाही. पनवेलला डॉक्टरकडेसुद्धा रिक्षाने जाते. पहिल्याच दिवशी तिने सांगून टाकलं होतं, “माझ्या पोरीच्या घरी न्याल तवाच मी बसंन, नायतर नाय.”

पहिला दिवस कोणता ते तू विसरली नसशील. शोरूमवाल्याने गाडी न्यायला तीन तारखा दिल्या होत्या. त्यातली तुझ्या लग्नाची मी निवडली. कोणी विचारलं तर सांगायला काम हवं होतं, म्हणून. तुम्ही दोघं रजिस्ट्रारच्या ऑफिसात सह्या करत होतात, आई तुझ्या शेजारी उभी होती आणि मी हार घातलेल्या गाडीपुढे उभा राहून फोटो काढून घेत होतो. तो फोटो अजून माझ्याकडे आहे. त्यात मी हसतोय. माणूस असा कसा हसू शकतो, मला खरंच उमगत नाही. आपल्या जातीतला नाही, शहरातला नाही, पोलादपूरच्या पलीकडे डोंगरात शाळेवर मास्तर आहे, एवढंच मला प्रणितबद्दल ठाऊक होतं आणि तेवढं मला नको म्हणायला पुरलं.

आई बहिणीकडे गव्हाणला जाते म्हणून सांगते आणि एसटीने तुझ्याकडे येते, हेही मला माहीत आहे. गव्हाणहून येणाऱ्या बाईच्या पिशवीत डोंगरातली नाचणी आणि करवंदं कशी असतील? मी विचारत नाही, ती सांगत नाही. करवंदांचा डबा मात्र माझ्यासमोर उघडून ठेवते.

आता जे सांगायचं राहिलंय ते सांगतो. फेब्रुवारीत एका रविवारी आईला निनादकडे जातो म्हणालो आणि एकटाच तुमच्याकडे निघालो. येऊन काय बोलणार होतो, काही ठरवलं नव्हतं. घर बघायचं आणि मागे फिरायचं, असंही डोक्यात होतं. तुमच्या वाडीच्या अलीकडे ओढा आहे ना, तिथे पाणी कमी दिसलं म्हणून गाडी घातली आणि पलीकडच्या वाळूत रुतली. जेवढा गॅस देईन तेवढी खाली. अर्ध्या तासाने वरून एक तरुण उतरला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात सायकलचा पंप. मी ओळखलं. आईच्या फोनमध्ये फोटो पाहिला होता. त्याने विचारलं, “कुठे निघालात?” मी म्हणालो, रस्ता चुकलो. तो बरं म्हणाला. चारही चाकांचे व्हॉल्व्ह काडीने दाबून हवा निम्मी सोडली, हाताने वाळू उकरली आणि मला हळूहळू मागे घ्यायला लावली. गाडी लोण्यातून निघावी तशी निघाली. मग त्याने तासभर उन्हात उभं राहून पंपाने चाकांत चालण्यापुरती हवा भरली. मला हात लावू दिला नाही. मी नाव विचारलं नाही, त्यानेही माझं विचारलं नाही. निघताना खिडकीशी येऊन म्हणाला, “पप्पा, उजव्या अंगाने घ्या, तिकडे खाली खडक आहे, रुतणार नाही. पोचलात की कळवा.”

पप्पा म्हणाला तो. काका नाही. पनवेल येईपर्यंत माझ्या कानात तेच होतं.

तेव्हापासून तुझ्या फोनची वाट पाहतोय. त्याने तुला सांगितलंच नाही, की सांगितलं आणि तू गप्प राहिलीस, की मीच कळवायचं म्हणून दोघं थांबलात, मला काहीच समजत नाही. गाडी उचलली, टायर शोधले, जणू त्या दिवशी गाडीच कमी पडली होती. येत्या पंचवीस तारखेला रविवार आहे. आईला घेऊन येऊ का? तिला अजून बोललो नाही, आधी तुला विचारतोय. तू नाही म्हणालीस तर मी रागावणार नाही, तो हक्क तुझा आहे. पण तसं असलं तरी एक काम कर. प्रणितला सांग, मी पोचलो. कळवायला तीन महिने लागले.

तुझाच,
पप्पा