मोरीतला बगळा आणि आयर्लंडचा साधू

मुलुंड, सोमवार, १३ फेब्रुवारी १९५६

प्रिय कुंदा,

सगळ्यांत आधी आल्या त्या मुलाच्या आई, रत्नप्रभाबाई. काल बोलावलं होतं पाचला, या साडेतीनलाच दारात; नंदकुमार आणि त्याचे वडील मागाहून. माझे हात खोबऱ्यानं भरलेले, आणि जिला बघायला ही मंडळी यायची ती तुझी लेक पद्मजा मोरीत बगळ्याला मासे भरवत बसलेली. हो, बगळा. पंख दुखावला म्हणून शुक्रवारी नाहूरच्या मिठागरावरून पदरात गुंडाळून आणला. तीन दिवस आम्ही अंघोळी कुठे करायच्या, ते काही बाईसाहेब सांगेनात. सात वर्षांत तू इथे पाऊल टाकलं नाहीस, पोरीला मात्र शिकायला धाडलीस. सोसतेय मी.

बाई पाय धुवायला थेट मोरीत, आणि बगळ्यानं त्यांच्या पदराला चोच मारली. मी म्हटलं, गेलं हातचं स्थळ. कार्टी लाजेल तर शपथ. सगळे जमल्यावर तिनं शाळेतल्या आयरिश मदरनी सांगितलेली गोष्टच सुरू केली. त्यांच्याकडचा कोलंबा नावाचा फार जुना साधू, देश सोडून परक्या बेटावर धर्म सांगायला गेला नि तिथलाच झाला. एकदा चेल्याला म्हणाला, किनाऱ्यावर जाऊन बस, माझ्या मुलखातला असाच लांब पायांचा पक्षी दमून येईल. तीन दिवस त्याचं कर, मग तो आपला घरी जाईल. साधू झाला तरी माहेरचं पाखरू म्हटल्यावर विरघळलाच की गं. रत्नप्रभाबाई डोळे पुसत म्हणाल्या, मुलगी पसंत, पण बगळा सासरी आणायचा नाही. मी हसून बेजार.

तुझे नाना मात्र चिमटीत तपकीर धरून बसले, ओढायची विसरले. तुझ्या धाकट्या भावाच्या लग्नात जावईबापूंना चारचौघांत बोलले ते चुकलं, हे या जन्मी कबूल करणार नाहीत. तूही त्यांचीच लेक. तुम्हा दोघांच्या हेक्यापुढे मी हात टेकलेत. पण आज सकाळी बगळा उडून गेला, तसे माझ्याजवळ येऊन म्हणाले, कुंदीला पत्र टाक, नाशिकहून कोणत्या गाडीनं येते विचार, ठाण्याला मी न्यायला जाईन. जावयांनाही आण म्हणाले, दोनदा. म्हणून चूल सोडून लिहायला बसले. आता मानपान काढू नकोस, गाडी कळव. येत्या रविवारी, एकोणीस तारखेला, मंडळी बोलणी करायला परत येणार आहेत.

तुझीच,
आई