क्रोमियमचं शेपूट

३ मार्च, सोमवार
पुन्हा तेच! काचेवर निकेलचा थर, त्यावर क्रोमियमचा. मधे सरळ रेघ हवी. पण मी कणांचा मारा करून वरून खणत जाते, तर क्रोमियम संपायचं नावच घेत नाही. निकेलमध्ये खोलवर त्याचं लांब शेपूट! म्हणजे थर बनतानाच कालवले गेलेत. नववा नमुना. नववा शेरा — नापास.

बनवणारा वरच्या मजल्यावर बसतो. आम्ही सगळे त्याला थरोबा म्हणतो. केस पिकले, हट्ट जात नाही. म्हणे, "मॅडम, माझे थर वेगळेच आहेत. तुमचं यंत्र कालवतंय." माझं यंत्र!

५ मार्च
साहेब खूश. यंदा माझ्याकडे एक काम तुंबलेलं नाही. जानेवारीतच माऱ्याचा जोर आठपट करून टाकला, दिवसाचा खड्डा तासात होतो. जरा शाबासकी मिळाली, बरं वाटलं.

६ मार्च
थरोबा जिना उतरून हजर. "इतक्या वर्षांत माझा एक नमुना नापास झाला नव्हता."

"मग आता हात थरथरत असतील," मी म्हणाले. त्याच्या हातांकडे बघूनच म्हणाले. बोलायला नको होतं. पण माणसानं डोकं तरी किती खायचं!

१० मार्च
येत्या शुक्रवारी वरचा विभाग बंद होणार. थर बाहेरून करून आणायचे, थरोबाची बदली भांडारात. माझ्या नऊ शेऱ्यांवरून ठरलं.

त्याचं एकच टुमणं — "एकदा खालून खणा. थर खरंच कालवले असतील तर क्रोमियम निकेलमध्येच सापडेल. मारा कालवत असेल तर शेपूट उलट बाजूला निघेल, निकेलचं क्रोमियममध्ये." खालून! म्हणजे नमुना पालथा चिकटवून काच घासून काढायची. चार दिवस! वेळ नाही म्हटलं.

११ मार्च
नवरा म्हणतो, "रोज ताटावर थरोबा! एकदा त्यालाच जेवायला बोलाव." मला नाही हसू आलं.

१४ मार्च, शुक्रवार
वरचे पंप, नळ्या, सगळं खोक्यांत गेलं. माझ्या टेबलावर एक डबी. आत पालथा चिकटवलेला नमुना, काच पार घासून काढलेली. स्वतःच बसून केलंय. सोबत चिठ्ठी — "आता तासाभराचंच काम आहे."

टोमणा! सोमवारी लावतेच. कायमचं तोंड बंद होईल.

१७ मार्च
निकेलचं शेपूट क्रोमियममध्ये. उलट बाजूला.

जोर पूर्वीइतका कमी केला, त्याच नमुन्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात खणलं. अख्खा दिवस गेला. रेघ सरळ. स्वच्छ.

नऊही सह्या माझ्या.

पाचला भांडारात गेले. थरोबा खिडकीमागे वही उघडून बसला होता. मान वर न करताच म्हणाला, "काय देऊ, मॅडम?"