बाबांची टेस्ट मी रद्द केली

२ डिसेंबर, सोम.
बाबांच्या ड्रायव्हिंग टेस्टची तारीख मिळाली. १९, गुरुवार, सकाळी अकरा. लंच टाइममध्ये ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून घेतली. फॉर्म मीच भरला, नंबरही माझाच दिला, त्यामुळे मेसेज माझ्याच मोबाइलवर. घरी सांगितलं तर बाबा खुर्चीतून उठून उभेच राहिले.
आईच्या आजारपणात लायसनची मुदत संपून वर्ष उलटलं, कोणाच्या ध्यानातच आलं नाही, म्हणून आता पुन्हा टेस्ट. दिवाळीनंतर कळलं, त्या दिवसापासून बाबांनी गाडी रस्त्यावर काढली नाही. रेल्वेत गार्ड होते, नियम म्हणजे नियम. आईला मंगळ-शुक्र डायलिसिसला ऑटोनं न्यावं लागतं. रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या आमच्या गल्लीतून शंकर नगरच्या दवाखान्यापर्यंत धक्के खात. बाबांना ते पाहवत नाही.
"वीस तारखेले शुक्रवार आहे. तुले मीच नेतो," आईला म्हणाले.
आई भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. थकली असेल.

८ डिसें., रवि.
प्रॅक्टिस. गाडीला शिकाऊ लायसनचा लाल एल चिकटवला. शेजारचे साहू भैया बाबांच्या बाजूला, मी मागे. मैदानात दोन चकरा झकास, रिव्हर्ससुद्धा. तिसऱ्या चकरेला डावीकडून एक बाई सायकल हातात धरून येत होती. लाल स्वेटर, दुरूनच दिसत होती. मला वाटलं आता ब्रेक मारतील, आता मारतील... भैया ओरडले, "बाबूजी, रोकिए!"
गाडी थांबली तेव्हा सायकलचं पुढचं चाक बंपरला लागलं होतं. बाईनं भरपूर शिव्या दिल्या. बरोबरच होतं तिचं.
बाबा: "दिसली होती मले. तुम्ही लोकं काहून ओरडून राहिले?"
नव्हती दिसली. आरशात त्यांचा चेहरा मला दिसत होता.
भैया उतरताना म्हणाले, "आदत छूट गई है दीदी, हो जाएगा."

९ डिसें., सोम.
डोळे तपासून घेऊ म्हटलं. "चष्मा तीन महिन्यांपूर्वीच केला ना!" खरं आहे. टेस्टसाठी डॉक्टरांचं सर्टिफिकेट घेतलं तेव्हा मी तिथेच होते. शेवटची बारीक ओळही त्यांनी घडाघडा वाचली. समोरचं सगळं दिसतं.
रात्री जेवताना मी पाण्याचा पेला त्यांच्या डावीकडे ठेवला. आईनं उचलून उजवीकडे ठेवला. बोलता बोलता, सवयीनं.

११ डिसें., बुध.
बाबा देवळात गेल्यावर आईला धरलं. आधी म्हणे काही नाही, मग रडायलाच लागली.
"त्यायले डावीकडचं दिसत नाही, शुभे. गाडी चालवत होते तवा मी बाजूले बसून सांगत होती. सायकल आली, गाय आली. ते म्हणत मले दिसते. पण ऐकत."
"किती दिवस?"
"वर्ष झालं असेल."
"आणि येताना? येताना तर तू..."
"जातानी ठीक राहते. येतानी मले डोळा लागून जाते. अंगात जीवच नाही राहत."
वर्षभर, आठवड्यातून दोनदा. मी तेव्हा नवा रायपूरला ऑफिसात जाणाऱ्या बसमध्ये खिडकीशी बसून डुलक्या काढत होते.
मला का नाही सांगितलं विचारलं. "त्यायचं एवढंच तर राहिलं होतं," म्हणाली.

१२ डिसें., गुरु.
नापास झाले तर चार लोकांत मान खाली जाईल. ते सोसतील. पण पास झाले तर? दुसऱ्याच दिवशी शुक्रवार. आई बाजूला, आणि येताना तिचा डोळा...
तीन वाजता रद्द केली. कारण विचारतात. यादीत माझं कारण नव्हतं, 'इतर' लिहिलं. मेसेज आला, वाचून पुसून टाकला. चोरी केल्यासारखं वाटलं.
घरी खोटं बोलले. तारीख आरटीओकडूनच पुढे गेली म्हटलं.
"कधीपर्यंत?"
"कळवतील."
खरं सांगायचं ठरवूनच घरात शिरले होते. त्यांनी दारातच पिशवी हातातून घेतली आणि मी खोटंच बोलून बसले.

१४ डिसें., शनि.
"आला का गं मेसेज?" सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. आईला सांगितलं मी काय केलं ते. ती नुसती "हव, बरं," म्हणाली आणि तांदूळ निवडत राहिली.

१७ डिसें., मंगळ.
कळलं त्यांना.
आईला दवाखान्यात सोडून बाबा फाइल घेऊन ऑटोनं आरटीओत गेले. मी सातला घरी आले तर दोघं समोरासमोर बसलेले. टीव्ही बंद. बाबा शांतपणे सांगू लागले.
"खिडकीवरच्या मॅडमनं कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. म्हणे, बाबूजी, आपकी तरफ से ही कैंसल हुआ है. मी म्हणलं, नाही मॅडम, आमच्या घरी असं कोणी करत नाही. तिनं पुन्हा पाहिलं."
मी उभीच होते.
"मी केली, बाबा."
आई मध्येच म्हणाली, "मीच सांगतलं तिले." रद्द कर म्हणून तिनं सांगितलं नव्हतं.
बाबांनी आईकडे पाहिलं. मग उठून आत गेले. जेवले नाहीत.

१९ डिसें., गुरु.
आजची तारीख. सुट्टी टाकली. बाबांनी आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घातला आणि ओट्यावर पेपर घेऊन बसले. अकरा वाजले, बारा वाजले. पान उलटलं नाही. मी दोनदा चहा नेऊन ठेवला, दोनदा थंड झालेला उचलला. आईशी बोलतात, माझ्याशी नाही.

२० डिसें., शुक्र.
आजही सुट्टी. तिघंही ऑटोनं गेलो. आईला आत घेतल्यावर बाहेरच्या बाकावर आम्ही दोघंच. चार तास. तिसऱ्या दिवशी पहिल्यांदा बोलले.
"मी पास झालो असतो."
"हो बाबा. त्याचीच भीती वाटली."
मग म्हणाले, "तोंडावर सांगायचं होतं. मी तुया बाप आहो, दुश्मन नाही."
मी रडले. त्यांनी थांबवलं नाही. रुमाल मात्र दिला.
येताना आई माझ्या खांद्यावर झोपली. बाबा सारखे वळून तिच्याकडे पाहत होते. काय आठवत असेल त्यांना?

२२ डिसें., रवि.
उद्या साडेनऊला डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. या वेळी आधी बाबांना सांगितलं, मगच फोन केला.
दुपारी स्वतःहून आले. "त्यायनं म्हणलं चालवू शकता, तर?"
"तर त्याच दिवशी नवी तारीख घेईन."
"आणि नाही म्हणलं तर?"
मी त्यांची फाइल काढून पिशवीत ठेवली.
ऑटोवाल्याला नऊला बोलावलं आहे. बाबांनी अजून हो म्हटलेलं नाही.