तुझ्या त्या जपानी पोरी

दिपमाला,

मी कमलअक्कांकडे कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांच्या तयारीला चालले. बट्ट्या झाकल्यात. वरण बुडाला लागलंय, ते तुझ्या जपानी कार्टूनपायी. तुझ्या माघारी बघितलं, रागावू नको.

काय जिद्दीच्या त्यातल्या पोरी गं! एवढंसं गाव, बंद दुकानात नाचाची तालीम, आणि एक चुकली तर बाकीच्या तिच्यासाठी थांबतात. संपेपर्यंत मी जागची उठलेच नाही.

काल तू नि तुझ्या दोघी मैत्रिणींनी नाचायचं काढलं, तेव्हा ‘तमाशा मांडू नका’ म्हटलं, ते विसर. उद्या कानबाईच्या मिरवणुकीत तिघी खुशाल नाचा, फक्त गाणं अहिराणी पाहिजे.

 तुझ्या नानांनी तर सकाळीच कापसाची ट्रॉली धुतली, आणि अख्ख्या बठ्ठ्या गावाला तुम्ही तिच्यावर नाचताना दिसाव्यात म्हणून तिचे बाजूचे फाळके काढून ठेवलेत.

— आई