सिंधूची चौथी पत्रिका

निशी-कसाई, तोक्यो
रविवार, दुपार

प्रिय अबोली,

'प्रिय' लिहायचा हक्क मला उरलाय का, ते तू ठरव. मी शब्द खोडत नाही. फोनवर तू मला ब्लॉक केलंयस, मेलला उत्तर देत नाहीस, म्हणून चक्क कागद घेऊन बसलोय. तुमच्या घरचा पत्ता अजून पिनकोडसकट पाठ आहे. अक्षर ओळखून पाकीट फाडणार असशील तर फाड, पण वाचून झाल्यावर. गेले तीन आठवडे मी सगळ्यांवर चिडलेला आहे. आईवर, दाजींवर, कधी तोंडही न पाहिलेल्या एका जोशीबुवांवर. आणि तुझ्यावरसुद्धा. तुझ्यावर का, ते सांगतो, पण आधी बाकीचं ऐक.

तिसऱ्या वर्षात कॉलेज सोडल्यावर मी घरात नुसता पडून असायचो. तेव्हा चैत्रालीताईने मला इकडे बोलावून घेतलं. सकाळी भाषाशाळा आणि दुपारी बाइतो, म्हणजे कोपऱ्यावरच्या कोंबिनीत, त्या चोवीस तास उघड्या दुकानात, अर्धवेळ नोकरी. लोकांचे जेवणाचे डबे गरम करून देतो आणि प्रत्येकाला वाकून 'धन्यवाद' म्हणतो. होय, मीच तो, प्राचार्यांच्या केबिनमध्ये खुर्ची आपटून बाहेर आलेला. हस पोटभर. राहतो ताईकडेच. घर दोन खोल्यांचं. मी झोपतो त्या खोलीच्या दारावर ताईने एक निळा हत्ती चिकटवलाय. माझ्यासाठी नाही, बाळासाठी. लग्नाला अकरा वर्षं झाली, दवाखाने झाले, तीनदा आशा लागून मोडली, आणि मग दोघांनी भारतातून मूल दत्तक घ्यायचं ठरवून नाव नोंदवलं. मी आपला त्या हत्तीच्या खोलीतला पाहुणा. पोर आलं की हॉलमध्ये गादी टाकायची, हे पहिल्याच दिवशी ठरलंय.

तीन आठवड्यांपूर्वी, रविवारी सकाळी, ताई कचरा वेगळा करत होती, प्लास्टिक एका पिशवीत, बाटल्या दुसऱ्या, आणि फोन वाजला. फाईल आली होती. नगरजवळच्या एका संस्थेतली मुलगी, अडीच वर्षांची, नाव सिंधू. फोटोत ती कॅमेऱ्याकडे अशी बघतेय की जणू आपणच तिचं काहीतरी घेतलंय. खाली वैद्यकीय अहवाल. हृदयाच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक, फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद, रडली की ओठ निळे पडतात, ऑपरेशन लवकर करायला हवं. हो की नाही ते तीस दिवसांत कळवायचं. हो असेल तर त्या अहवालाच्या प्रत्येक पानावर आईबापांनी सही करायची. वाचलंय, कळलंय, तरीही हवी आहे, अशी.

दोन दिवसांनी संस्थेतल्या मावशींनी व्हिडिओ कॉल लावून दिला. सिंधू लाल चेंडूमागे पाच-सहा पावलं पळाली आणि मध्येच उकिडवी बसली. गुडघे छातीशी घेऊन, गप्प. मावशी म्हणाल्या, "हिला ही सवयच आहे हो, पळता पळता बसते, खेळ वाटतो तिला." ताई हसली. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "खेळ नाही तो. दम लागला की ही मुलं आपसूक अशी बसतात, बसलं की त्यांना बरं वाटतं." ताईने वळून विचारलं, "तुला कसं माहीत रे?" मी काय सांगणार? तळजाईच्या टेकडीवर अर्ध्या चढात पेरू खात तू सांगितलं होतंस ते? "लहानपणी मी रस्त्यात कुठेही बसायचे आणि सगळ्यांना वाटायचं हिला शू लागली. एकदा बाबांनी मला उचलून तीन दुकानांत संडास विचारत फिरवलं होतं." किती हसलो होतो आपण. मग तू एकदम गंभीर झालीस, कुर्त्याचा गळा दोन बोटं खाली ओढून व्रणाचं वरचं टोक दाखवलंस आणि म्हणालीस, "ही माझी चेन. चार वर्षांची असताना उघडून परत लावली. बघून घे, मग तक्रार नको." त्या दिवशी मला काय झालं ते सांगायला गेलो तर कागद पुरायचा नाही. मी ताईला एवढंच म्हणालो, "अबोलीने सांगितलं होतं." दोन वर्षांत या घरात तुझं नाव पहिल्यांदा निघालं.

इथून पुढे माझं डोकं फिरायला सुरुवात झाली. दाजींनी लॅपटॉप उघडून एक तक्ता केला. ऑपरेशनआधीचे धोके, नंतरचे धोके, शाळा, प्रवास, रजा, आणि प्रत्येकापुढे लाल, पिवळा नाहीतर हिरवा रंग. मी म्हणालो, "दाजी, मूल आहे की तुमच्या क्लायंटचा प्रोजेक्ट?" ते शांतपणे म्हणाले, "पियुष-सान, तुम्ही आयुष्यात एक गोष्ट पूर्ण करून दाखवा, मग आम्हाला शिकवा." ऑफिसात परक्यांना लावतात ते 'सान' मला मुद्दाम लावलं. मी दार आपटून निघून गेलो आणि वाटेतल्या नदीकाठाने चालत पार हिगाशी-कसाईपर्यंत पोचलो. तिथे एका इमारतीखाली आपली मराठी बायका-मुलं जमली होती, एक आई पोराला "अरे, पडशील!" म्हणून ओरडत होती आणि पोरगं जपानीत उत्तर देत होतं. त्या आईच्या जागी मला ताई उभी दिसली. मग परत आलो. दुसरं काय करणार?

आणि आई! आईने पुण्यात काय केलं असेल? सिंधूची पत्रिका मांडून घेतली. फाईलमध्ये जन्मतारीख होती ना, ती घेऊन जोशीबुवांकडे. जोशीबुवा म्हणाले, आयुष्यस्थान बरं नाही, घेऊ नका. अबोली, ती तारीख डॉक्टरांनी तिचे दात बघून अंदाजाने घातली आहे! अहवालात तसं लिहिलंय. पोर सापडलं तेव्हा तिच्यासोबत एक दुपटंसुद्धा नव्हतं, वेळ-तारीख कुठून येणार? मी आईला फोनवर हे सांगितलं, तर ती म्हणाली, "असं होय. मग दुसऱ्या तारखेची मांडून बघते." सांग, भिंतीवर डोकं आपटायचं की नाही?

त्याच आठवड्यात, शनिवारी सकाळी, खरा भडका उडाला. ताईने फोन स्पीकरवर ठेवला होता, दाजी समोर बसले होते. दुसऱ्या तारखेची पत्रिकाही वाईट निघाली होती. आई म्हणाली, "चैत्राली, निरोगी मुलाची वाट बघ, वर्ष-दोन वर्षं जातील, जाऊ देत." मग मी सुटलो. तोंडाला येईल ते बोललो. तुम्हाला माणसं नकोत, तुम्हाला दुकानातली तपासून घेतलेली भांडी हवीत, असं म्हणालो. आणि शेवटी म्हणालो, "अबोलीच्या वेळीही तू हेच केलंस! तिच्या छातीवर शिवण आहे म्हणून मोडलंस सगळं. आता हिचंही मोड." मग आई हळू आवाजात म्हणाली, "बरं बाबा. केलं असेल." एवढंच. थोड्या वेळाने ताईला म्हणाली, "पोर आजारी आहे म्हणून मी नाही म्हणत नाहीये गं. ऐन वेळी बाजूचं माणूस 'बघू' म्हणतं आणि पाय काढून घेतं ना, तेव्हा काय होतं ते मी या डोळ्यांनी पाहिलंय." दाजींना वाटलं हे त्यांना. ते ताडकन उठले, बूट घातले आणि गेले. ताई रडायला लागली. दुसऱ्या दिवशी टपालपेटीत इमारतीच्या व्यवस्थापनाची चिठ्ठी होती, अतिशय नम्र भाषेत, नाव कोणाचं नाही. सकाळच्या वेळी मोठा आवाज ऐकू आल्याचं काही रहिवाशांनी कळवलंय, सर्वांनी कृपया काळजी घ्यावी. इथे भांडणसुद्धा सुखाने करता येत नाही.

आता तुझ्यावरचा राग. तो याच आठवड्यात वर आला. कोंबिनीत डबे रचताना सारखं मनात यायचं, की तू इतक्या सहज कसं मान्य केलंस? "आई नको म्हणतेय," असं मी तुला स्वारगेटच्या स्टॉपवर सांगितलं आणि तू फक्त "ठीक आहे" म्हणालीस आणि समोर आलेल्या बसमध्ये चढलीस. भांडली नाहीस. रडलीसुद्धा नाहीस. माझ्या घरी येऊन आईला एका शब्दाने विचारलं नाहीस, "काकू, माझ्यात काय कमी आहे?" तुझ्यासाठी मी कॉलेज सोडलं, जेवण सोडलं, अजूनही स्टेशनवर कुणाची वेणी तुझ्यासारखी दिसली की एक गाडी चुकते, आणि तू एक साधा प्रश्न विचारला नाहीस. विचारला असतास तर... विचारला असतास तर काय, ते सांगतो. थांब.

दाजी त्या शनिवारी कुठे गेले होते, ते तीन दिवसांनी कळलं. ओळखीच्या एका सहकाऱ्याला गाठून त्याच्याकडून त्यांनी लहान मुलांच्या एका हृदयतज्ज्ञाचं नाव मिळवलं होतं, आणि मंगळवारी अर्धी रजा टाकून सिंधूचा सगळा अहवाल जपानीत करून त्यांच्यापुढे ठेवला. रंगीत तक्ताही नेला होता! डॉक्टरांनी अहवाल नीट वाचला, तक्ता वाचला, आणि एकच विचारलं, "मुलगी केव्हा येणार?" दाजी मला सांगताना हसत होते आणि डोळे पुसत होते. "अरे, मी वीस प्रश्न घेऊन गेलो होतो. त्यांनी मलाच प्रश्न विचारला." त्या संध्याकाळी दोघांनी पानापानावर सह्या केल्या. ताईची सही दर पानावर वेगळी आली. मी दाजींची माफी मागितली. ते म्हणाले, "राहू दे, पियुष-सान," पण या वेळी ते टोचलं नाही.

एक कागद उरला होता. आईवडिलांना काही झालं तर मुलीला कोण सांभाळेल, त्या नातेवाइकाचं हमीपत्र. दाजींचा सख्खा भाऊ फोनवर म्हणाला, "बघू." अबोली, तो शब्द मला ऐकवेना. मी म्हणालो, मी करतो. संस्थेच्या बाईंनी फोनवर विचारलं, "शिक्षण?" इंजिनिअरिंग, अर्धवट. "काम?" दुकानात, अर्धवेळ. मग म्हणाल्या, "मुलीचा आजार वाचलाय का तुम्ही?" मी म्हणालो, "पाठ आहे." त्या म्हणाल्या, "पाठ नको, कळायला हवा." मी म्हणालो, पळता पळता ती का बसते, तेही माहीत आहे. त्यावर त्यांनी माझं नाव लिहून घेतलं.

काल आईचा मेसेज आला, फोटोसकट. सिंधूची चौथी पत्रिका. तिसरीही वाईट निघाली म्हणून तिने स्वतःच आणखी एक तारीख निवडली, आषाढातली, आणि ती फक्कड निघाली. दीर्घायुषी, परदेशगमन, मातृसुख, सगळं. खाली आईने लिहिलंय, "हीच तिची खरी तारीख आहे. वाढदिवस याच दिवशी करायचा. जोशीबुवांना मी सांगितलंय, आता पाचवी मांडायची नाही."

हमीपत्रात एक ओळ होती: 'बालिकेच्या आजाराची मला पूर्ण कल्पना असून मी ही जबाबदारी स्वखुशीने घेत आहे.' पेन टेकवून मी तिथेच अडलो. अबोली, आई नको म्हणाली नव्हती. त्या दिवशी तू आमच्याकडे चहा घेऊन गेलीस आणि आई कप विसळता विसळता म्हणाली, "मुलगी मला आवडली. तिच्या डॉक्टरांना एकदा भेटून येऊ, पुढे काय जपायचं ते नीट विचारून घेऊ. पण आधी तू सांग, तुझी तयारी आहे ना?" आणि मी म्हणालो, "बघू." घाबरलो होतो तो मी. तुला काही झालं तर, हा एकच विचार डोक्यात होता, आणि ते कबूल करायची लाज वाटली म्हणून मी आईचं नाव पुढे केलं. तू घरी येऊन विचारलं असतंस तर मी जागच्या जागी पकडला गेलो असतो. त्यासाठी तुझ्यावर चिडलो होतो, बघ, कसला माणूस आहे मी. आणि त्या शनिवारी सगळ्यांसमोर मी आईवर ओरडलो तेव्हा ती एका वाक्यात मला उघडं पाडू शकली असती. ती म्हणाली, केलं असेल. मी सही केली. मग ताईला आणि दाजींना सगळं सांगितलं, मग आईला फोन करून म्हणालो की अबोलीला लिहितोय. ती म्हणाली, "लिही. त्यातून माझं नाव तेवढं काढून टाक." ते काढण्यासाठी हे पत्र. तू परत ये असं लिहायला बोटं शिवशिवतायत, पण ते या कागदावर नको. तुझ्यात काही कमी नव्हतं. कमी जिथे होती तिथे आज सही केली आहे, तुझ्यासाठी करायची ती दुसऱ्या मुलीसाठी, आणि फार उशिरा.

तेव्हाही तुझाच होतो, नुसता भित्रा,
पियुष